गोंदियातला ‘भंडारा’: अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नोर्ग्येलिंग

१/१२
अर्जुनी मोरगाव म्हटले की कुणाला नवेगावबांधचा तलाव आठवतो, कुणाला झाडीपट्टीची नाटके. याच तालुक्यात गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात धानाच्या बांध्यांशेजारी रंगीत प्रार्थनापताका फडकताना दिसतात. आसपासची माणसे या वस्तीला ‘तिबेटी कॅम्प’ म्हणतात. तिचे खरे नाव नोर्ग्येलिंग. निर्वासितांसाठी वसवलेली महाराष्ट्रातील ही एकमेव तिबेटी वसाहत.

२/१२
तिबेटी भाषेत ‘नोर’ म्हणजे संपत्ती आणि ‘लिंग’ म्हणजे स्थान किंवा भूमी. भारतातील अनेक तिबेटी वसाहतींच्या नावांच्या शेवटी हे ‘लिंग’ येते. घरदार मागे टाकून आलेल्या माणसांनी परक्या भूमीला असे समृद्धीसूचक नाव द्यावे, यातच त्यांच्या आशेचा इतिहास सामावलेला आहे.

३/१२
या कथेचा आरंभ विदर्भापासून फार दूर होतो. मार्च १९५९ मध्ये ल्हासा येथे चिनी सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि तो चिरडला गेला. ३१ मार्च रोजी चौदावे दलाई लामा सीमा ओलांडून भारतात आले. त्यांच्यामागून सुमारे ८० हजार तिबेटी आले. आसाममधील मिसामारी आणि बंगालमधील बक्सा येथे त्यांच्यासाठी छावण्या उभ्या राहिल्या.

४/१२
बर्फाळ पठारावरून आलेल्या या लोकांना मैदानी उष्मा सोसवेना. छावण्यांत क्षयरोगासारखे आजार पसरले. पुढे हजारो तिबेटी हिमालयातील रस्त्यांच्या कामावर मजूर म्हणून लागले. दगड फोडणाऱ्या आईबापांच्या शेजारी, रस्त्याच्या कडेच्या तंबूंत मुले वाढत होती. ही पिढी अशीच विखुरली तर भाषा आणि धर्म टिकणार कसे, हा प्रश्न पोटाच्या प्रश्नाइतकाच निकडीचा होता.

५/१२
पंतप्रधान नेहरूंच्या सरकारने आणि तिबेटी नेतृत्वाने काढलेले उत्तर असे : निर्वासितांना शहरांत विखुरू द्यायचे नाही, शेतजमीन देऊन एकत्र वसवायचे. १९६० मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यात बैलकुप्पे येथे पहिली मोठी वसाहत उभी राहिली. १९६१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत तिबेटी शाळांसाठी एक स्वायत्त संस्था स्थापन झाली. मैनपाट, चंद्रगिरी, मुंडगोड या वसाहती त्यानंतरच्या.

६/१२
महाराष्ट्राची पाळी १९७२ मध्ये आली. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. राज्याचा मोठा भाग भीषण दुष्काळाकडे ढकलला जात असताना पूर्व टोकाच्या भंडारा जिल्ह्यात या निर्वासितांना जमीन मिळाली. हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजाने पिढ्यान्पिढ्या बांधलेले तलाव, जवळच गाढवी नदीवरील इटियाडोह धरण, आणि सभोवती जंगल.

७/१२
ल्हासा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. अर्जुनी मोरगाव त्याच्या दशांशाहूनही कमी उंचीवर, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणारा. ज्यांचे मुख्य अन्न सातूचे भाजलेले पीठ, त्यांना येथे चिखलात उतरून धानाची रोवणी करावी लागली. हवामान, पीक, भाषा आणि शेजार असे सारेच एकाच वेळी नवे होते.

८/१२
आता या वसाहतीतील सोयीसुविधांकडे पाहा. गोम्पा, शाळा, दवाखाना, सहकारी संस्था आणि वसाहत अधिकाऱ्याचे कार्यालय. कोणत्याही गावात असाव्यात तशाच या गोष्टी. पण येथे प्रत्येकीवर दुहेरी जबाबदारी आहे. शाळेने शिक्षण द्यायचे आणि तिबेटी लिपीही टिकवायची. गोम्पात प्रार्थना होते आणि समाजही एकत्र येतो. वसाहतीचा अधिकारी धरमशाला येथील तिबेटी प्रशासनाकडून नेमला जातो. राज्य हरवलेल्या लोकांना राज्याची सावली येथे अशी भेटते.

९/१२
केवळ शेतीवर सगळ्यांचे भागत नाही. हिवाळा लागताच महाराष्ट्रातील शहरांत तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकाने लागतात, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. माल बहुतांशी लुधियानाचा आणि विक्रेते देशभरातील तिबेटी वसाहतींतले. धान कापून झाल्यावर बाजारपेठ गाठायची आणि थंडी सरली की घरी परतायचे, असा हा वर्षाचा फेरा. आपण घासाघीस करून घेतलेल्या स्वेटरमागे अशा एखाद्या वसाहतीचे अर्थकारण उभे असते.

१०/१२
शेजारच्या प्रतापगडावर महादेवाचे स्थान आहे आणि दर्गाही. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. तिबेटी नववर्ष ‘लोसर’ हेही चांद्र पंचांगानुसार येत असल्याने अनेक वर्षी हे दोन्ही सण लागोपाठ येतात. २०२५ मध्ये महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती आणि लोसर २८ फेब्रुवारीला. तीन धर्मपरंपरा एकाच पंचक्रोशीत नांदतात, हे या मुलखाचे वैभव.

११/१२
पन्नास वर्षांनंतरही मूळ प्रश्न सुटलेला नाही. निर्वासित तिबेटींना नोंदणी प्रमाणपत्रावर राहावे लागते आणि त्याचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने भारतीय नागरिक ठरते. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिबेटींबाबत हे मान्य केले. तरीही अनेकांनी हा हक्क बजावला नाही, कारण निर्वासितपण सोडणे म्हणजे परतण्याचा दावा सोडणे, असे त्यांना वाटते. २०१४ च्या केंद्रीय पुनर्वसन धोरणाने वसाहतींच्या जमिनींसाठी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची तरतूद केली. पण भाडेपट्टा म्हणजे मालकी नव्हे.

१२/१२
१ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला. तिबेटी लोक मात्र आजही या वसाहतीला ‘भंडारा’ म्हणूनच ओळखतात. आता तरुण पिढी शिक्षणासाठी, नोकरीसाठी महानगरांकडे आणि परदेशी जात आहे. भारतभरच्या तिबेटी वसाहतींपुढे आज हीच चिंता आहे. शाळा, गोम्पा, दवाखाना हे सारे माणसांना एकत्र ठेवण्यासाठी उभारले गेले. माणसेच पांगली तर ते कोणासाठी, हा प्रश्न नोर्ग्येलिंगपुढे उभा आहे. नवेगावबांधला जाल, तेव्हा वाट थोडी वाकडी करून तेथेही जाऊन या. पाहुण्यासारखे जा; तेथील वृद्धांनी हा इतिहास स्वतः जगलेला आहे.