दुधाच्या दाताची साक्ष

पोलादपूर सोडून गाडी कशेडी घाटाला लागली, की पुढच्या एसटीचा नाहीतर ट्रकचा काळा धूर अंगावर यायचा. आया पदराने पोरांची नाकं झाकायच्या. तो धूर वाईटच. पण शिसे असायचे ते मागून येणाऱ्या, स्वच्छ दिसणाऱ्या मोटारीच्या धुरात. इंजिनाने ठोके देऊ नयेत म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालण्याची युक्ती 1921 मध्ये अमेरिकेत निघाली आणि जगभर पसरली. डिझेलला तिची गरज नव्हती.

शिशाची बाधा झालेले मूल बहुधा आजारी दिसतच नाही. अभ्यासात मागे पडते, एवढेच. मग मोजायचे कसे? रक्त सांगते ते अलीकडचे. जुना हिशेब हाडांत आणि दातांत राहतो, कारण शरीर शिशाला कॅल्शियम समजून तिथे साठवते. डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. आपण जो दात कौलांवर फेकतो, तो त्यांनी प्रयोगशाळेत नेला! ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांचा बुद्ध्यंक कमी आणि वर्गातले लक्षही कमी, हे त्यांनी 1979 मध्ये दाखवले. पुढे त्यांच्यावर लबाडीचे आरोप झाले. आरोप करणाऱ्यांनी शिसे उद्योगाच्या बाजूने साक्षी दिलेल्या होत्या. चौकशीत नीडलमन निर्दोष ठरले.

आपल्याकडे जॉर्ज फाउंडेशनने 1997 च्या सुमारास शहरांतल्या मुलांचे रक्त तपासले. मुंबईत सुमारे 62 टक्के मुलांत डेसिलिटरला 10 मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे निघाले. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. त्यानंतर मुंबईत पुन्हा मोजले, तेव्हा हे प्रमाण एक तृतीयांशावर आले होते. रक्त दिले शहरातल्या मुलांनी; सुटका घाटातल्या मुलांचीही झाली.

पण एक तृतीयांश म्हणजे थोडे नव्हे. शिवाय मोजपट्टीच खाली सरकत गेली. अमेरिकेत 1991 मध्ये 10 वर असलेली रेघ 2012 मध्ये 5 वर आणि 2021 मध्ये साडेतीनवर आली. पेट्रोल गेले तरी रंग होते. त्यांतल्या शिशाला आपल्याकडे 2017 मध्ये मर्यादा लागू झाली. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणारे तर आजही आहेत.

2023 मध्ये कशेडीचा बोगदा सुरू झाला. जुन्या वळणांवर आता वर्दळ कमी. मात्र शिसे कुजत नाही. रस्त्याकडेला पडलेले शिसे मातीच्या वरच्याच थरात वर्षानुवर्षे राहते, आणि रांगणारे मूल हात तोंडात घालतेच.