कोरलेल्या स्वराची परतफेड

ध्वनिमुद्रिकेवर सुई ठेवली कीं तींत कोरलेला स्वर जसाच्या तसा आपल्या कानीं पडतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तबकडींत कोरलेलें गाणें आणि गायकाच्या कंठांतून निघालेलें गाणें हीं एक नव्हेत. कोरणारा खर्जाचे स्वर मुद्दाम दुबळे करतो व उंच स्वर मुद्दाम चढवितो. ऐकणाऱ्याच्या घरीं जें यंत्र असतें त्यानें हा व्यवहार उलटा करून ज्याचें त्याला परत द्यावयाचें असतें. या यंत्राला फोनो स्टेज म्हणतात. काचेच्या व्हॉल्वांचें असें यंत्र घरीं आणण्याची हौस अलीकडे पुन्हां वाढली आहे. तें कोणत्या कसोटीवर निवडावें हें समजण्यासाठीं या देण्याघेण्याचा इतिहास पाहिला पाहिजे.

१९२५ पूर्वीं गायक एका मोठ्या भोंग्यांत गात असे आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच मेणाच्या तबकडींत रेषा उमटे. तेथें विजेचा संबंध नव्हता. ली डी फॉरेस्ट यांनीं १९०६ सालीं तयार केलेल्या व्हॉल्वाच्या पुढील सुधारणांमुळें क्षीण विद्युत्प्रवाह मोठा करतां येऊं लागला, आणि १९२५ सालीं अमेरिकेंतील व्हिक्टर व कोलंबिया या कंपन्यांनीं वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीनें मायक्रोफोनपुढें ध्वनिमुद्रण सुरू केलें. त्याबरोबर एक अडचण उभी राहिली. खर्जाचीं कंपनें सावकाश होतात. तो स्वर पूर्ण जोरानें कोरावयाचा तर कोरणी दोन्ही बाजूंस इतके मोठे झोके घेते कीं ती शेजारच्या खांचेंत शिरावी. म्हणून कोरतांना खर्ज कमी करण्यांत आला. पुढें दुसरी युक्ति निघाली. उंच स्वर कोरतांना चढवावे आणि ऐकतांना उतरवावे, म्हणजे त्यांबरोबर तबकडीची खरखरही उतरते.

युक्ति चांगली, परंतु प्रमाण प्रत्येकाचें निराळें. कोणी सेकंदाला २५० कंपनांच्या खालचे स्वर दुबळे करी, तर कोणी ५०० च्या खालचे. १९४८ सालीं कोलंबियानें मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ ध्वनिमुद्रिका आणली आणि गोंधळांत भर पडली. न्यूयॉर्कचे सॉल मॅरंट्झ यांनीं १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत जें यंत्र बनविलें, त्यावर ही भरपाई छत्तीस प्रकारांनीं करण्याची सोय होती. एका तबकडीसाठीं छत्तीस कळांचा विचार करणें हें रसिकाचें काम नव्हे! अखेर १९५४ सालीं अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेनें एक प्रमाण ठरविलें आणि हळूहळू तें सर्वत्र रूढ झालें.

या प्रमाणानुसार ऐकतांना २० कंपनांचा स्वर २०,००० कंपनांच्या स्वरापेक्षां जवळजवळ नव्वदपट अधिक वाढवावा लागतो. एवढ्या मोठ्या उतारावर तोल संभाळणें सोपें नाहीं. १९७९ सालीं स्टॅन्ली लिप्शिट्झ यांनीं या भरपाईचें गणित नीट मांडलें, तेव्हां प्रचारांतील अनेक यंत्रांची आंखणीच सदोष असल्याचें त्यांनीं दाखवून दिलें. विस्तृत सप्तकभर पसरलेली लहानशी चूकही कानाला कळते. तंबोऱ्याची जवारी बोथट होते, किंवा सारंगी नको तितकी बोचूं लागते. म्हणून पहिली कसोटी ही, कीं यंत्रानें भरपाई अचूक केली पाहिजे.

दुसरी कसोटी शांततेची. लोहचुंबक हलणाऱ्या नेहमींच्या कार्ट्रिजमधून सुमारें पांच मिलिव्होल्टच निघतात, व ते शंभरपटींच्या घरांत वाढवावे लागतात. खर्ज वाढवितांना आपल्याकडील विजेची ५० कंपनांची गुणगुणही मधल्या स्वरांच्या मानानें सातपट वाढते. ईसीसी ८३ हा या कामाचा सुप्रसिद्ध व्हॉल्व. तो आजही रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथें तयार होतो. परंतु कांहीं व्हॉल्व बोटानें टिचकी मारतांच घंटेसारखे वाजतात. ते येथें निरुपयोगी. यंत्र घेण्यापूर्वीं तबकडी न लावतां आवाज पूर्ण चढवून कान लावावा. तारेचें वेटोळें हलणाऱ्या कार्ट्रिजमधून अर्धा मिलिव्होल्ट किंवा त्याहूनही कमी निघतो. त्याला आधीं छोट्या ट्रान्सफॉर्मरची जोड लागते. ही जोड नसेल तर उत्तम यंत्रही फुकट जातें.

व्हॉल्वाचा गोडवा या दोन कसोट्यांनंतर यावा. काचेंतील तांबूस प्रकाश डोळ्यांना सुखवितो, आणि कांहीं यंत्रें खर्ज थोडा फुगवून कानालाही सुखवितात; पण तें सुख गायकानें दिलेलें नसतें.

आपल्या घरांतील जुन्या कपाटांसाठीं या विवेकाचें मोल अधिक आहे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ विसाव्या शतकाच्या आरंभीं भोंग्यापुढें गायले, आणि १९३७ सालीं त्यांचें निधन होण्यापूर्वीं मायक्रोफोनपुढेंही गायले. कंठ एकच, कोरण्याच्या रीती दोन, आणि १९५४ चें प्रमाण दोहोंपैकीं एकीलाही लागू नाहीं. ७८ फेऱ्यांची ती तबकडी आजच्या ठराविक यंत्रांतून वाजविली, तर न चढविलेले उंच स्वर उतरविले जातात आणि खर्ज वाजवीपेक्षां फुगतो. तान मेणचटते, स्वराची धार जाते, आणि आपण म्हणतों, "जुनी रेकॉर्ड, दुसरें काय होणार!" दोष नसतां तो गायकाच्या माथीं बसतो. ज्यांच्या घरीं अशा तबकड्या असतील त्यांनीं भरपाईचें प्रमाण बदलतां येईल असें यंत्र व रुंद खांचेसाठीं रुंद सुई घ्यावी. दिवंगत गायकाला आपली तक्रार सांगतां येत नाहीं. त्याचें देणें चोख फेडणें हें ऐकणाऱ्याच्याच हातीं असतें.