दुकान म्हणजे काय? बाहेर जेवण्याच्या आपल्या इतिहासाविषयी



आजचा विषय वाचून काही जणांना हसू आलं असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने हॉटेलांवर काय बोलायचं? पण ऊर्जानगरात चार माणसं जमली की पंधरा मिनिटांत गाडी जेवणावर येते, हे तुम्हालाही माहीत आहे. दुर्गापूरच्या बाजूला आलूबोंडा कुठे खावा, सावजी कोणाचं खरं आणि कोणाचं नुसतंच तिखट, मोहर्लीच्या वाटेवर कोणत्या ढाब्यावर भाकरी गरम मिळते, यावर प्रत्येकाचं मत आहे आणि ते ठाम आहे. आता तर मत द्यायला कट्टाही लागत नाही. मोबाइलवर तारे द्यायचे, झालं.

आम्हाला या मतांविषयीच बोलायचं आहे. एखाद्या हॉटेलाबद्दल मत असायला आधी काय काय घडावं लागतं? आत जाता यावं लागतं. बसता यावं लागतं. बाकीच्यांच्याच भांड्यात खाता यावं लागतं. आणि उठताना मालकाला "आज भाजी जमली नाही" असं तोंडावर म्हणता यावं लागतं. या चारही गोष्टी आपल्याकडे फार जुन्या नाहीत. काहींसाठी तर आजच्या आजोबांच्या वयाएवढ्याच आहेत.

जुन्या काळात बाहेर जेवणं ही हौस नव्हती, अडचण होती. प्रवासी जेवला ते धर्मशाळेत शिजवून, विद्यार्थी जेवला ते माधुकरी मागून किंवा वार लावून. देवस्थानांची अन्नछत्रं होती, पण तिथेही कोणत्या पंगतीत कोण, हे आधीच ठरलेलं. वार लावून जेवणारा मुलगा कधी म्हणेल का, की मंगळवारची आमटी पाणचट असते? मनात म्हणेल. फुकट जेवणाऱ्याला मत नसतं. मताला पैसे मोजावे लागतात. युरोपातही साधारण असंच झालं. पॅरिसमध्ये १७६०च्या दशकात 'रेस्टोराँ' सुरू झाली, तेव्हा तो शब्द मुळात ताकद भरून काढणाऱ्या एका सूपचा होता. आपल्या वेळी यावं, आपल्या टेबलावर बसावं, यादी पाहून आपल्याला हवं ते मागवावं आणि तेवढ्याचेच पैसे द्यावेत, ही पद्धत तिथून रुळली. त्याआधी खाणावळीचा मालक एका मोठ्या टेबलावर जे मांडेल ते सर्वांनी खायचं. निवड आली तशी तक्रारही आली.

आपल्याकडे मात्र निवडीच्याही आधी एक दरवाजा होता.

१८९० साली पुण्यात काय झालं, ते बहुतेकांनी शाळेत वाचलं असेल. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, हे मोठे खोडकर गृहस्थ. पंचहौद मिशनमध्ये त्यांनी पुण्यातल्या प्रतिष्ठितांना बोलावलं. टिळक होते, रानडे होते. पुढे चहाबिस्किटं आली. कोणी प्याले, कोणी नुसता पेला तोंडाला लावला. पुढे नावांची यादी वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य उभं राहिलं, ते थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळक आणि रानडे दोघांनाही अखेर प्रायश्चित्ताच्या वाटेने जावं लागलं. एका कप चहाने. त्या चहाला चव कशी होती, हे त्या सगळ्या वादात कोणी नोंदवल्याचं आमच्या वाचनात नाही! प्रश्न चवीचा नव्हताच. कोणाच्या हातचा, एवढाच होता.

ही झाली वरच्या जातींची अडचण. खालून पाहिलं तर अडचण वेगळी होती. तिथे प्रायश्चित्त घेण्याचा पर्याय नव्हता, कारण आतच जाता येत नव्हतं.

कोल्हापूरचे गंगाराम कांबळे यांची हकिगत आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असू. गंगाराम राजवाड्याच्या पागेत कामाला. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. तक्रार शाहू महाराजांपर्यंत गेली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला भांडवलही दिलं. त्यातून 'सत्यसुधारक हॉटेल' उभं राहिलं. चहा चांगला, जागा मोक्याची, स्वच्छता उत्तम. गिऱ्हाईक मात्र येईना. मग महाराज फेरफटक्याला निघाले की गाडी तिथे थांबवायचे, स्वतः चहा प्यायचे आणि गाडीतल्या सगळ्यांना पाजायचे. ज्यांना महाराजांची सही हवी त्यांनीही तिथेच यायचं, असं कोल्हापुरात सांगतात. सार्वजनिक जागी अस्पृश्यता पाळू नये असे महाराजांचे हुकूम १९१९च्या सुमाराचे आहेत. हुकूम कागदावर राहतो, हे त्या राजाला पक्कं ठाऊक असावं. म्हणून त्याने हुकुमाच्या जोडीला कपबशी घेतली. रत्नागिरीत सावरकरांनी १९३३ साली सर्व जातींसाठी उपाहारगृह काढलं आणि भेटायला येणाऱ्यांनी आधी तिथे चहा घ्यावा असा आग्रह धरला, तीही युक्ती याच जातीची. दोघांच्या विचारांत केवढं अंतर, पण दोघांनाही कळलं होतं की हा प्रश्न व्याख्यानाने सुटत नाही, घोटाने सुटतो. (आम्ही इथे व्याख्यान देतोय हे ध्यानात आहे.)

आता दिल्लीला जाऊ. २९ नोव्हेंबर १९४८. संविधान सभेत भेदभावाविरुद्धच्या कलमावर चर्चा चालली आहे. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत कोणालाही जात, धर्म, लिंग यांवरून मज्जाव करता येणार नाही, असा मसुदा. हेच पुढे पंधराव्या अनुच्छेदात गेलं. एका सदस्याने विचारलं, 'दुकान' म्हणजे नेमकं काय? धोबी, न्हावी यांची दुकानं यात धरायची का? बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की सेवा मागायला येणाऱ्या कोणालाही सेवा द्यायला मालक जिथे तयार असतो, ती जागा म्हणजे दुकान.

आम्ही चाळीसेक वर्षं वर्गात व्याख्यांची चिरफाड केली, पण इतकी कामाची व्याख्या क्वचित पाहिली. साधी वाटते, पण उलट बाजूने वाचा. 'कोणालाही' हा शब्द व्याख्येच्या आतच आहे. म्हणजे जो मालक माणूस पाहून चहा देतो, त्याने दुकान वाईट चालवलेलं नाही. त्याने दुकान चालवलेलंच नाही. पाटी लावली, भट्टी पेटवली, गल्ला ठेवला, तरी तो घरच चालवतोय, फक्त रस्त्यावर. पुढे १९५५चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. त्यात हॉटेलातल्या प्रवेशाबरोबर तिथल्या भांड्यांच्या वापराचाही वेगळा उल्लेख आहे. भांडी का लिहावी लागली? कारण आत घ्यायचं पण कपबशी वेगळी ठेवायची, छपराला खोचलेली, आणि पिणाऱ्यानेच ती धुऊन परत खोचायची, ही सोय लोकांनी आधीच शोधून ठेवली होती. कायदा करणाऱ्यांना ती बशी दिसत होती.

या कायद्याला दीड वर्षही झालं नव्हतं तेव्हा, १६ ऑक्टोबर १९५६ला, बाबासाहेब आपल्या चंद्रपुरात आले. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी इथे दीक्षा झाली. इथल्या दीक्षाभूमीवर दरवर्षी ऑक्टोबरात लोक लोटतात, आणि येणाऱ्याला जेवण मिळावं म्हणून ठिकठिकाणी भोजनदानाचे मंडप लागतात. तिथे पानावर बसताना कोणी कोणाला आडनाव विचारत नाही. मसालेभात असतो, कधी बुंदी. बाहेरच्या जेवणांतलं तुमच्या लक्षात राहिलेलं कोणतं, असं आम्हाला कोणी विचारलं तर आम्ही हॉटेलाचं नाव सांगत नाही, त्या रांगेतला मसालेभात सांगतो.

आता आपल्या वसाहतीकडे येऊ. औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज स्थापित क्षमता २९२० मेगावॉट आहे, पण आपला विषय मेगावॉटचा नाही. विषय असा, की त्या काळात कोकणातली, खानदेशातली, सातारा-सांगलीकडची माणसं बदली होऊन या जंगलात आली आणि एका वसाहतीत शेजारी झाली. एकाच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा, दुसऱ्याच्या डब्यात भात आणि सोलकढी, इथल्या झाडीपट्टीच्या माणसाकडे लाखोळीची डाळ. चौकशी व्हायची ती आधी डब्याची, मग आडनावाची. तिथून मग कॅन्टीन.

कॅन्टीनला आपण फार हलक्यात घेतो. १९४८च्या कारखाने कायद्याचं कलम ४६ सांगत असे की अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीन हवं. इतकंच नाही, त्याच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी हवे असत. म्हणजे डाळ पातळ आहे हे म्हणण्याचा अधिकार या देशात कायद्याने दिलेला होता! जेवणाविषयीचं मत इथे कुरकुर राहत नाही, बैठकीच्या इतिवृत्तात जातं. आजच्या ताऱ्यांपेक्षा आम्हाला ही पद्धत जास्त भावते. तारे देणारा निघून जातो; समितीवाल्याला उद्या त्याच टेबलावर जेवायचं असतं.

एक दालन मात्र उशिरा उघडलं. खाणावळी चालवल्या बायांनी. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगारांना जेवू घातलं ते खोलीत चूल मांडून बसलेल्या बायांनीच. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते त्यांच्यासाठी. नागपूरचं सावजी घ्या. हलबा कोष्टी विणकरांचं ते घरचं जेवण. गिरण्यांनी आणि पुढे पॉवरलूमने हातमाग बसवला, तेव्हा घरातला मसाला कामाला आला. तो वाटणारे हात बहुतेक घरच्या बायांचे, पाटीवर नाव बहुधा पुरुषाचं. आणि जेवायला बसणारे? पुरुषच. बाई हॉटेलात आली ती 'फॅमिली रूम'च्या पडद्याआडून. तो पडदा किंवा लाकडी कप्पा तुम्हाला आठवत असेल. एकट्या बाईने बसून चहा घेणं तर अजूनही आपल्याकडे माना वळवतं. मग त्या काळातली सगळी 'गावाची मतं' नेमकी कोणाची होती, याचा हिशेब तुम्हीच करा.

या जिल्ह्यात आणखी एक गंमत झाली. १ एप्रिल २०१५पासून चंद्रपुरात दारूबंदी लागू झाली आणि २०२१ साली उठली. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३पासून आहे. बंदी बरी की वाईट, हा आजचा विषय नाही. त्यावर इथेच दोन तट पडतील. पण त्या सहा वर्षांत बारच्या नावावर चालणाऱ्या स्वयंपाकघरांना पहिल्यांदा केवळ जेवणाच्या जोरावर उभं राहावं लागलं, आणि काही ठिकाणी आम्ही कुटुंबं लेकराबाळांसकट बसलेली पाहिली. काही ठिकाणी फक्त कुलूप पाहिलं.

आता मत खरं की खोटं, हा प्रश्न. तुम्ही म्हणाल, आवड ज्याची त्याची. डेव्हिड ह्यूमने १७५७च्या आपल्या निबंधात 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट घेतली आहे. सँचोच्या दोन नातेवाइकांना पिंपातली दारू चाखायला देतात. एक म्हणतो, छान आहे, पण चामड्याचा वास येतो. दुसरा म्हणतो, छान, पण लोखंडाची चव आहे. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी सापडते एक किल्ली, चामड्याच्या वादीला बांधलेली. आम्हाला या गोष्टीत ह्यूमपेक्षा थोडं पुढे जावंसं वाटतं. ती किल्ली सापडली कारण दोघांना चाखायला बोलावलं होतं. ज्यांना पिंपाजवळ येऊच दिलं नाही, त्यांची जीभ किती तीक्ष्ण होती हे कळणार कसं?

नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे हे त्याचं उत्तर. जेमतेम शाळा शिकलेला दलित शेतकरी. १९८०च्या दशकात स्वतःच्या शेतात वेगळी दिसलेली ओंब त्यांनी जपली, पुन्हा पुन्हा पेरून वाण तयार केलं आणि तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला नाव पडलं, एचएमटी. बारीक दाणा, चांगला शिजतो, चांगला लागतो. आज आपल्या हॉटेलातला मालक "भात कोणता?" म्हटलं की ऐटीत "एचएमटी" सांगतो. दादाजी २०१८ साली गेले. त्या भाताची कमाई त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. थाळीला तारे देताना हे नाव कुठल्या रकान्यात लिहायचं?

मागून कोणीतरी "तर्री पोहे राहिले" म्हणालं. राहिले खरे. आणखीही राहिलं आहे. हे गोंड राजांचं शहर. परकोट त्यांचा, दरवाजे त्यांचे. पावसाळ्यात इथल्या घरांत सात्या येतात, वास्त्यांची भाजी होते, मोहफुलं वाळवून ठेवतात, टोळीचं तेल निघतं. ताडोब्याच्या वाटेवर पर्यटकांसाठी पनीरचे आठ प्रकार लिहिलेला फळा आम्ही वाचला आहे. सात्यांचं नाव असलेला फळा आमच्या पाहण्यात नाही. तुमच्यापैकी कोणी पाहिला असेल तर हात वर करा आणि पत्ता सांगा, आपण येत्या रविवारी जाऊ.

बरं, आता प्रश्न घेऊ.