कंदिलाच्या खेळापासून खोट्या पोलीस ठाण्यापर्यंत

मंडळी, लोकांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचं चित्र बदलायचं, हे काही आजचं खूळ नाही. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, एकाच पात्राच्या निरनिराळ्या हालचाली, मागं कंदील. काचा झपाट्यानं सरकवल्या की पात्र हलायचं! ल्युमिएरचा सिनेमा मुंबईत आला तो १८९६ ला.

तीच करामत आता फुकट आहे. ओबीएस डाऊनलोड करा, कॅमेरा जोडा, ‘क्रोमा की’ लावा. मागचा हिरवा पडदा गायब, तिथं पाहिजे ते चित्र. २०२० मध्ये त्यातच व्हर्च्युअल कॅमेरा आला, म्हणजे हे बदललेलं चित्र थेट व्हिडीओ कॉलवर. आपल्या लातूरसारख्या शिकवण्यांच्या गावाला तर लई कामाची गोष्ट.

पण पटवर्धनांकडं आलेल्याला हा खेळ आहे हे ठाऊक असायचं. ‘डिजिटल अरेस्ट’वाल्याच्या मागं दिसणारं ठाणं नकली आहे हे घाबरलेल्या पेन्शनरला कोण सांगणार? व्हिडीओ कॉलवर अटक करायची तरतूद कुठल्याच कायद्यात नाही. असा कॉल आला तर सरळ कट करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० लावा.