परळची चाळ आणि रुपयाचा भाव

मागच्या भागावर खूप जणांनी एकच प्रश्न विचारला. डॉलर वर गेला की आपल्याला नेमका काय फरक पडतो? फिरायला जाणाऱ्याला पडतो, मुलाची फी भरणाऱ्याला पडतो, हे कळतं. पण लालबागला राहून लोकलने कामाला जाणाऱ्याला काय?

याचं उत्तर शोधायला आज आपण शंभर वर्षं मागे जाऊ. फार लांब नाही, परळपर्यंत. तिथे बी.आय.टी. चाळीत दोन खोल्यांत एक कुटुंब राहायचं. त्या घरातल्या एका माणसाने रुपयाच्या विनिमय दरावर असा प्रबंध लिहिला की लंडन विद्यापीठाने त्याला डी.एस्सी. दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. संविधान आपल्या सगळ्यांना माहीत असतं, चवदार तळं माहीत असतं. पण बाबासाहेब मुळात चलनाचे अभ्यासक होते, हे बऱ्याचदा राहून जातं.

आधी थोडं गणित. तेव्हा डॉलर नाही, पाउंड महत्त्वाचा. 1 पाउंड म्हणजे 20 शिलिंग आणि 1 शिलिंग म्हणजे 12 पेन्स. रुपयाचा भाव पेन्समध्ये सांगायचे. पहिल्या महायुद्धापूर्वी बरीच वर्षं तो 1 शिलिंग 4 पेन्स होता, म्हणजे 15 रुपयांना 1 पाउंड.

मग महायुद्धात चांदी महाग झाली. रुपयाचं नाणं चांदीचं, त्यामुळे त्याचा भाव चढत गेला आणि 1920 च्या सुरुवातीला 2 शिलिंगच्याही बराच वर गेला. सरकारने 2 शिलिंग हा अधिकृत दर ठरवला, म्हणजे 10 रुपयांना 1 पाउंड. पण बाजार सरकारचं ऐकत नसतो. त्या दरासाठी सरकारने लंडनमधला साठा विकून बघितला, सप्टेंबर 1920 मध्ये हात टेकले. 1921 मध्ये रुपया 1 शिलिंग 4 पेन्सच्याही खाली होता.

आता याच काळात मुंबईहून लंडनला शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याचा विचार करा. बाबासाहेब मार्च 1920 पर्यंत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं 5,000 रुपयांचं कर्ज घेऊन ते जुलै 1920 मध्ये निघाले. 5,000 रुपयांचे 2 शिलिंगच्या दराने 500 पाउंड होतात. 1 शिलिंग 4 पेन्सच्या दराने 333. रुपये तेच, कर्ज तेवढंच, पण लंडनच्या खोलीचं भाडं आणि जेवण यांसाठी हातात एक तृतीयांश पैसे कमी. कोणाच्या वाट्याला कोणता दर येणार, हे पैसे कधी बदलले यावर ठरायचं.

फटका विद्यार्थ्यांनाच बसला असं नाही. रुपया चढा असताना मुंबईसह अनेक बाजारांतल्या व्यापाऱ्यांनी विलायती कापडाच्या मोठ्या ऑर्डरी दिल्या होत्या. माल बंदरात येईपर्यंत रुपया घसरला. तोच माल अचानक दीडपट महाग! अनेकांनी 2 शिलिंगपेक्षा कमी दराने पैसे चुकवायला साफ नकार दिला. आजच्या भाषेत, ऑर्डर दिली पण हेजिंग केलं नाही.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा बाबासाहेबांचा प्रबंध 1923 मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यातला मुद्दा साध्या शब्दांत असा. सरकार सारखं एकच बघतंय, रुपयाचा पाउंडमधला भाव स्थिर आहे का. पण बहुतेक लोक पाउंड विकत घेत नाहीत, ते ज्वारी, तांदूळ, कापड घेतात. म्हणून रुपयाची देशातली खरेदीची ताकद स्थिर राहणं जास्त महत्त्वाचं. त्यासाठी रुपये किती काढायचे यावर सरकारच्या मर्जीपेक्षा पक्की मर्यादा हवी. इथे ते थेट केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाच्या विरोधात उभे राहिले. त्या वेळच्या भारतीय व्यवस्थेची केन्सने बाजू घेतली होती.

आता गोष्ट परत परळ-लालबागला येते. 1925 मध्ये मोठा वाद पेटला, रुपया 1 शिलिंग 4 पेन्स ठेवायचा की 1 शिलिंग 6 पेन्स? फक्त दोन पेन्सचं भांडण. मुंबईचे बहुतेक गिरणीमालक आणि व्यापारी 4 पेन्सच्या बाजूने होते. रुपया स्वस्त असेल तर विलायती आणि जपानी कापड इथे महाग पडेल आणि आपलं विकलं जाईल. यात तथ्य होतं. 1893 मध्ये सरकारने टांकसाळी खुल्या चांदीसाठी बंद केल्या, तेव्हा रुपया चांदीच्या तुलनेत महाग झाला होता आणि चांदीचं चलन असलेल्या चीनला सूत विकणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांना त्याचा मार बसला होता.

त्याच 1925 च्या सप्टेंबरात गिरणगावात संप झाला. मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात केली होती. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. डिसेंबरात सरकारने कापडावरचा अबकारी कर थांबवला, कपात मागे गेली, संप मिटला. आणि त्याच महिन्यात, 15 डिसेंबरला, बाबासाहेबांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली.

त्यांनी तिथे विचारलेला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रुपया स्वस्त केल्याने फायदा होतो, मान्य. पण तो येतो कुठून? रुपया पडला की वस्तूंचे भाव आधी वाढतात, मजुरी मागून वाढते. मधल्या काळात मालकाला जे मिळतं, ते कामगाराच्या खिशातून गेलेलं असतं. परळच्या चाळीत राहून हे दिसायला वेगळा डेटा लागत नव्हता.

शेवटी पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी आयोगात भिन्न मत नोंदवूनही 1927 मध्ये कायद्याने 1 शिलिंग 6 पेन्स ठरला. रिझर्व्ह बँकेची शिफारसही याच आयोगाची. बँक 1 एप्रिल 1935 ला सुरू झाली.

मग आज काय? आता दर कायद्यात हार्डकोड केलेला नाही, रोज बदलतो. पण नियम तोच आहे, तुमची कमाई एका चलनात आणि खर्च दुसऱ्यात असेल तर मधली जोखीम तुमची.

परदेशी फिरायला जाणार असाल, तर सगळे पैसे एकाच दिवशी बदलू नका, दोन-तीन टप्प्यांत बदला. तिथल्या दुकानात कार्ड मशीनने 'रुपयांत भरायचं का?' विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलन निवडा. रुपयाच्या पर्यायात बहुतेकदा वाईट दर लपलेला असतो.

अमेरिकी शेअर्सच्या फंडात पैसे टाकत असाल, तर तुमचा परतावा दोन गोष्टींचा गुणाकार आहे. फंड डॉलरमध्ये 10 टक्के वाढला आणि डॉलर 4 टक्के महागला, तर हातात 14.4 टक्के. रुपया सावरला की हेच उलटं फिरतं. ते चार टक्के फंड मॅनेजरची हुशारी नव्हे.

आणि कुठेच जात नसाल, काही गुंतवत नसाल, तरी तेल, गॅस, खाद्यतेल बाहेरून येतं, त्याचं बिल डॉलरमध्ये असतं. म्हणून 'रुपया पडला, निर्यातदारांना फायदा' अशी बातमी दिसली की बाबासाहेबांचा प्रश्न विचारायचा: हा फायदा कोणाच्या खिशातून आला?

तुमच्या घरात परदेशी पैसे पाठवण्याचा किंवा गल्फमधून येण्याचा अनुभव असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.