तीन सामन्यांचे मानकरी

अमेरिकेत 'फुटबॉल' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो खेळ तिथल्या माणसाच्या मनात येत नाही. त्यांचा फुटबॉल लंबगोल चेंडूचा, हातानं फेकण्याचा आणि अंगावर धडकण्याचा. शंभर यार्डांचं मैदान, प्रत्येक बाजूला अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांना. असं करत शेवटची रेषा ओलांडली की 'टचडाउन', म्हणजे सहा गुण. या साऱ्या धुमश्चक्रीत चेंडू कुणाकडे द्यायचा, कुठं फेकायचा हे क्षणार्धात ठरवणारा एक गडी असतो. त्याला म्हणतात क्वार्टरबॅक. क्रिकेटमधला कप्तान आणि मुख्य फलंदाज एकाच माणसात असावा, तसं काहीसं त्याचं स्थान.

एवढी ओळख पुरे. आज मला सांगायचं आहे ते या खेळाच्या एका हंगामाबद्दल. १९८७ चा हंगाम आणि संघ अमेरिकेच्या राजधानीचा, वॉशिंग्टनचा. हा संघ तेव्हा 'रेडस्किन्स' या नावानं ओळखला जाई. मूळ अमेरिकी लोकांना ते नाव अपमानकारक वाटे. बऱ्याच वर्षांच्या विरोधानंतर २०२० साली ते सोडून देण्यात आलं. त्या हंगामात वॉशिंग्टननं अजिंक्यपद मिळवलं. पण ते नेमकं कुणी मिळवलं, हा प्रश्न पुढची तीस वर्षं रेंगाळत राहिला.

हंगाम सुरू होऊन दोनच सामने झाले आणि २२ सप्टेंबर १९८७ रोजी खेळाडूंनी संप पुकारला. लाखो डॉलर कमावणाऱ्यांना संप कशाला हवा, असं अनेकांना वाटलं. पण मुख्य मागणी पैशाची नव्हती, मोकळेपणाची होती. करार संपला तरी खेळाडूवरचा संघाचा हक्क संपत नसे. दुसऱ्या संघाला तो हवा असेल तर त्यानं जुन्या संघाला भरपाई म्हणून नवे खेळाडू निवडण्याचे आपले हक्क द्यायचे. ही भरपाई इतकी जड की कुणी त्या वाटेला जात नसे. नोकरी संपली, तरी मालक सुटत नाही, असा तो प्रकार. खेळाडू संघटनेचे प्रमुख होते जीन अपशॉ, स्वतः एकेकाळचे नामवंत खेळाडू. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की करार संपला की माणूस मोकळा झाला पाहिजे.

मालक मंडळी तयारीत होती. एका आठवड्याचे सामने रद्द झाले आणि त्यापुढच्या आठवड्यापासून बदली खेळाडू मैदानात उतरवण्यात आले. सराव शिबिरांतून वगळलेले, दुसऱ्या छोट्या संघांत खेळून थकलेले, खेळ सोडून पोटापाण्याला लागलेले असे हे तरुण. या सामन्यांचे निकाल गुणतक्त्यात धरले जातील, असंही मालकांनी जाहीर केलं. संपकऱ्यांच्या तोंडी या मुलांसाठी एकच शब्द होता: संपफोडे.

इथं वॉशिंग्टनची गोष्ट वेगळी होते. इतर संघांतले काही नावाजलेले खेळाडू हळूहळू संप मोडून परतले. वॉशिंग्टनचा एकही परतला नाही. प्रशिक्षक जो गिब्ज यांनी आपल्या खेळाडूंना सांगितलं होतं की जे काही कराल ते सगळे मिळून करा, संघात फूट पडू देऊ नका. पण त्याच वेळी संघाचे सरव्यवस्थापक बॉबी बेथर्ड आणि त्यांचे सहकारी चार्ली कॅसरली यांनी बदली खेळाडूंची यादी आधीच तयार ठेवली होती. म्हणजे बाहेर दाराशी एकजुटीनं उभा असलेला एक वॉशिंग्टन आणि आत गिब्ज यांच्या हाताखाली घाईघाईनं डावपेच शिकणारा दुसरा वॉशिंग्टन.

या दुसऱ्या संघात कोण होते? क्वार्टरबॅक एड रबर्ट, ज्याचं नाव शौकिनांनाही ठाऊक नव्हतं. धावपटू लायोनेल व्हायटल. आणि टोनी रॉबिन्सन. टेनेसी विद्यापीठाचा हा एकेकाळचा चमकता क्वार्टरबॅक गुडघ्याच्या दुखापतीनं आणि अमली पदार्थांच्या खटल्यानं पार कोसळला होता. तुरुंगाची शिक्षा भोगत असताना कामापुरती मोकळीक मिळाली, म्हणून तो खेळू शकला.

४ ऑक्टोबरला जवळजवळ अर्ध्या रिकाम्या स्टेडियममध्ये या मंडळींनी सेंट लुईसला २८-२१ असं हरवलं. अँथनी ॲलन नावाच्या खेळाडूनं झेल घेऊन २५५ यार्डांची मजल मारली. संघाच्या इतिहासातला तो विक्रम ठरला. पुढच्या आठवड्यात न्यूयॉर्क जायंट्सला ३८-१२ असं लोळवलं. जायंट्स हे आदल्या हंगामाचे विजेते, पण त्यांच्या व्यवस्थापनाची बदली संघाची तयारी तोकडी पडली आणि त्यांचे तिन्ही बदली सामने गेले.

तिसरा सामना डॅलसला. १५ ऑक्टोबरला, चोविसाव्या दिवशी, संप मोडला. मागणी पदरात न पडता खेळाडू कामावर परतले. पण त्या आठवड्यात हजर होण्याची मुदत टळून गेली होती, म्हणून मालकांनी त्यांना मैदानात उतरू दिलं नाही. सोमवार, १९ ऑक्टोबरच्या रात्री पुन्हा बदली खेळाडूच उतरले. (त्याच दिवशी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला होता, हा योगायोग.) डॅलसकडे संप मोडून परतलेले खरे तारे होते: डॅनी व्हाइट, टोनी डॉर्सेट, रँडी व्हाइट, एड जोन्स. वॉशिंग्टनकडे एकही नव्हता. रबर्टला दुखापत झाली आणि रॉबिन्सन आत आला. सारा देश दूरचित्रवाणीवर पाहत असताना वॉशिंग्टननं हा सामना १३-७ असा जिंकला. या गोष्टीवरून सैलपणे बेतलेला 'द रिप्लेसमेंट्स' नावाचा चित्रपट २००० साली आला.

सामना संपला आणि मोजके अपवाद सोडता या खेळाडूंना निरोप देण्यात आला. पुढच्या रविवारी नेहमीचा संघ उतरला आणि त्यानं न्यूयॉर्क जेट्सना १७-१६ असं निसटतं हरवलं. हंगामाच्या अखेरीस तक्त्यात वॉशिंग्टनचे ११ विजय आणि ४ पराभव होते. गटातल्या डॅलस, सेंट लुईस आणि फिलाडेल्फियाचे प्रत्येकी ७ विजय व ८ पराभव. आता जरा हिशेब करून पाहा. ते तीन बदली सामने वॉशिंग्टननं गमावले असते, तर वॉशिंग्टन, डॅलस आणि सेंट लुईस तिघंही ८-७ वर बरोबरीत आले असते. ज्यांना कुणी ओळखत नव्हतं, त्यांनी जिंकलेल्या तीन सामन्यांनी संघाला ही टांगती तलवार चुकवली.

या हंगामात डावललेला माणूस मात्र केवळ बदली संघातच नव्हता. नेहमीच्या संघातही एक होता. त्याचं नाव डग विल्यम्स. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेल्या लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग विद्यापीठाचा हा क्वार्टरबॅक. त्या काळी कृष्णवर्णीय खेळाडू धावू शकतो, झेलू शकतो, पण डोकं चालवायची जागा त्याची नाही, असा समज व्यावसायिक फुटबॉलमध्ये घट्ट रुजला होता. महाविद्यालयात क्वार्टरबॅक असलेल्या कित्येकांना पुढे दुसऱ्या जागी खेळवलं जाई. वॉरन मून तर हीच जागा मिळावी म्हणून १९७८ मध्ये कॅनडात खेळायला गेला.

विल्यम्सला १९७८ मध्ये टॅम्पा बे संघानं निवडलं. हा संघ स्थापनेपासून सलग २६ सामने हरलेला. विल्यम्सनं त्याला चार वर्षांत तीनदा बाद फेरीत नेलं. तरीही सामन्याची सुरुवात करणाऱ्या क्वार्टरबॅकमध्ये त्याचा पगार सर्वांत कमी होता. १९८२ च्या हंगामानंतर त्यानं वाजवी पगार मागितला, मालकानं नाकारला आणि तो निघून गेला. पुढच्या हंगामात टॅम्पा बे १६ पैकी १४ सामने हरला. त्याच वर्षी विल्यम्सची पत्नी मेंदूच्या कर्करोगानं गेली. मागे तान्ही मुलगी. तो एका नव्या स्पर्धेत खेळला. ती स्पर्धाही बंद पडली. १९८६ मध्ये वॉशिंग्टननं त्याला राखीव म्हणून घेतलं, आणि त्या संपूर्ण हंगामात त्याच्या वाट्याला फेकायला एकच चेंडू आला.

१९८७ मध्ये जे श्रोडर हा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक होता. विल्यम्सनं साखळीत फक्त दोन सामन्यांची सुरुवात केली आणि दोन्ही हरला. पण राखीव म्हणून आत येऊन त्यानं संघाला अनेकदा सावरलं. बाद फेरीच्या तोंडावर गिब्ज यांनी त्याची निवड केली. शिकागोत शिकागोला २१-१७, घरच्या मैदानावर मिनेसोटाला १७-१० आणि संघ अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये पोचला.

३१ जानेवारी १९८८, सॅन दिएगो. समोर जॉन एलवेचा डेन्व्हर संघ. आदल्या दिवशी विल्यम्सच्या दाताचं रूट कॅनल झालेलं. पहिल्या पावात डेन्व्हर १०-० असा पुढे. त्यातच विल्यम्सचा गुडघा मुरगळला आणि तो बाहेर गेला. पण थोड्याच वेळात परतला. मग दुसऱ्या पावात जे घडलं त्याला तोड नाही. पंधरा मिनिटांत पाच टचडाउन, ३५ गुण. त्यातले चार विल्यम्सच्या फेकीवर, एक टिमी स्मिथच्या धावेवर. या नवख्या स्मिथनं त्या दिवशी एकूण २०४ यार्ड धाव घेतली. निकाल ४२-१०. विल्यम्स सामन्याचा मानकरी, आणि सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

इतिहासाचा एक विचित्र न्याय इथं दिसतो. याच वॉशिंग्टन संघानं साऱ्या स्पर्धेत सर्वांत उशिरा, १९६२ मध्ये, कृष्णवर्णीयांना दार उघडलं होतं. तेही मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांच्या मनातून नव्हे. नवं स्टेडियम केंद्र सरकारच्या जमिनीवर होतं. भेदभाव चालू ठेवाल तर ते वापरता येणार नाही, असं केनेडी सरकारनं बजावलं तेव्हा कुठे मार्शल नमले. पाव शतकानंतर त्याच संघानं विल्यम्सच्या हाती चेंडू दिला. आणि तरी दुसऱ्या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला, रसेल विल्सनला, हे यश मिळायला २०१४ साल उजाडावं लागलं.

विजेत्यांना अंगठ्या देण्याची तिथं प्रथा आहे. १९८८ मध्ये त्या बदली खेळाडूंना अंगठी मिळाली नाही. संपकऱ्यांचा राग समजण्यासारखा होता. ज्यांच्यामुळे आपला लढा मोडला, त्यांना विजयात वाटेकरी का करायचं? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. संप फसल्यावर संघटना न्यायालयात गेली, १९९२ मध्ये ज्यूरीनं खेळाडूंच्या बाजूनं कौल दिला आणि १९९३ पासून करार संपलेल्या खेळाडूंना संघ निवडण्याची मोकळीक मिळाली. आजचे गलेलठ्ठ करार त्या लढ्याचं फळ आहेत. ती किंमत मोजणाऱ्यांत वॉशिंग्टनचे ते सारे खेळाडू होते.

पण व्यवस्थापनाची बाजू मला तितकी समजत नाही. बदली मुलांना बोलावलं त्यांनी, विजय मोजले त्यांनी, त्या विजयांच्या बळावर अजिंक्यपद मिरवलं त्यांनी. मग फक्त अंगठीच्या वेळी ही मुलं परकी कशी झाली? संघाचा गुणतक्ता तीन सामने वगळून कधी छापला गेला नाही. वगळली गेली ती माणसं. संप फोडणं चूक की बरोबर यावर वाद होऊ शकतो. पण कुणाच्या घामाचा उपयोग करून घ्यायचा आणि नाव घ्यायचं नाही, यावर वाद होऊ नये.

अखेर २०१८ मध्ये, तीस वर्षांनी, वॉशिंग्टन संघानं त्या बदली खेळाडूंना अंगठ्या दिल्या. तोवर ते पन्नाशी ओलांडून गेले होते. लायोनेल व्हायटलनं तेवढ्या काळात खेळाडू पारखणारा जाणकार म्हणून याच स्पर्धेत नाव कमावलं होतं. बहुतेक जण मात्र आपापल्या गावी साधी कामंधामं करत राहिले होते. १९८७ चा वॉशिंग्टनचा तक्ता आजही कुठंही पाहिला तरी ११-४ असाच दिसतो. त्या अकरांतले तीन कुणाचे, हे आता निदान संघानं मान्य केलेलं आहे.