मानद, अवैतनिक, स्वयंसेवक : वाचनालयातील बिनपगारी सेवेच्या इतिहासाची काही टिपणे

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांचा इतिहास आजवर ज्या पद्धतीने लिहिला गेला, तीत संस्थापक, देणगीदार, इमारती आणि कायदे यांना अग्रस्थान मिळाले आहे. शताब्दी-ग्रंथ उघडावा, तो आरंभी दात्यांची छायाचित्रे आणि अखेरीस जमाखर्चाची कोष्टके. मधल्या शंभर वर्षांत रोज सायंकाळी कुलूप कोणी काढले, वर्तमानपत्रे काठीला कोणी लावली, कादंबरी परत न करणाऱ्या वर्गणीदाराच्या घरी तगाद्यास कोण गेले, या प्रश्नांची उत्तरे त्या ग्रंथांत सहसा सापडत नाहीत. ही कामे बहुधा बिनपगारी माणसांनी केली. त्यांच्या सेवेचे स्वरूप काय होते आणि समाजाने ती कोणत्या नजरेने पाहिली, याचा थोडासा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचे योजिले आहे. लेखक इतिहासाचा नव्हे, भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्याने त्याच्या हाताशी असलेली साधने मुख्यतः शब्दांची आहेत, हे आरंभीच सांगितलेले बरे.

या विषयाकडे लक्ष वळण्याचे कारण मात्र व्यक्तिगत आहे. सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, माळशिरस तालुक्यात नातेपुते हे गाव आहे. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी फलटण-बरड मागे टाकून सोलापूर जिल्ह्यात शिरते, तेव्हा तिचा मुक्काम या गावी पडतो. विद्यार्थीदशेत दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या प्रस्तुत लेखकाने येथील एका वाचनालयात पुस्तके देण्याघेण्याचे काम केले. वेतन अर्थातच नव्हते. तेथे येणारे लोक या कामाला कधी ‘नोकरी’ म्हणत, कधी ‘सेवा’, तर एक वयोवृद्ध वर्गणीदार ‘बसणे’ एवढेच म्हणत : “आज कोण बसलंय?” या कामाला निश्चित नाव नाही, ही गोष्ट तेव्हा लक्षात आली नाही, पुढे शब्दांचा अभ्यास करू लागल्यावर ती सलू लागली.

मराठी प्रदेशातील वाचनालयांची परंपरा दीर्घ आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, अहमदनगरचे १८३८ चे, नाशिकचे १८४० चे. पुण्यात १८४८ मध्ये लोकहितवादींच्या पुढाकाराने ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाली, तीच आजचे नगर वाचन मंदिर. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ हे नाव त्या काळी अनेक गावी आढळते. त्यावरून या संस्थांचा साचा इंग्रज अधिकाऱ्यांच्या वाचनगृहांवरून घेतला होता, हे उघड आहे. सभासदही बहुतांशी कचेरीतील अंमलदार, वकील आणि शिक्षक. संस्थेचा कारभार पाहणारा गृहस्थ ‘सेक्रेटरी’ म्हणवला जाई आणि तो त्याच वर्गातला असे. त्याला वेतनाची गरज नव्हती. किंबहुना वेतन घेतले असते, तर त्याची प्रतिष्ठा कमी झाली असती. म्हणजे बिनपगारी कामाचा उगम आपल्याकडे त्यागात नाही, दर्जात आहे. हे मत काहींस रुचणार नाही. परंतु पुढील शब्दांचा इतिहास त्यास दुजोरा देतो.

‘सेक्रेटरी’चे मराठी रूप म्हणून ‘चिटणीस’ रूढ झाला. फडणीस, पोतनीस यांच्याच पंक्तीतला हा शब्द. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, या फारसी पदाचा त्यात अवशेष आहे. शिवकालात बाळाजी आवजी यांनी भूषविलेले हे पद राज्यकारभारातील मोलाचे, वेतनाचे आणि वतनाचे होते. राज्य गेले, पद उरले, आणि ते वाचनालयाच्या बिनपगारी कारभाऱ्याच्या नावापुढे येऊन बसले. भाषाशुद्धीच्या वातावरणात त्याची जागा हळूहळू ‘कार्यवाह’ या संस्कृत घडणीच्या शब्दाने घेतली. आता यात ‘लिहिणारा’ गेला आणि ‘काम वाहणारा’ आला. अर्थदृष्ट्या हा शब्द वस्तुस्थितीला अधिक जवळचा आहे, पण तोही पदाचेच नाव आहे, कामाचे नव्हे.

‘मानद’ या विशेषणाची कथा याहून उद्बोधक आहे. संस्कृतात ‘मानद’ म्हणजे मान देणारा. विष्णुसहस्रनामात ते विष्णूचे एक नाव आहे आणि त्याच्या लगतच ‘अमानी’ हेही नाव येते. इंग्रजी ‘ऑनररी’साठी हा शब्द मराठीत योजला गेला, तेव्हा अर्थाने पूर्ण कूस पालटली : मानद तो, ज्याला वेतनाऐवजी मान द्यावयाचा. देणारा घेणारा झाला. ‘अवैतनिक’ हा त्याचा जुळा भाऊ केवळ नकार सांगतो. जे नाही त्याचा निर्देश करतो, जे आहे त्याविषयी मौन पाळतो. सायंकाळी खुर्चीवर बसणाऱ्या मुलाला मात्र यांपैकी एकही विशेषण कधी लागले नाही. मानद कार्यवाह असतो. मानद कुलूप काढणारा नसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र पालटू लागले. १८९३ मध्ये ठाणे येथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. त्यातील प्रमुख विनायक लक्ष्मण भावे, म्हणजे पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे भावे, यांनी त्या वेळी नुकतीच विशी ओलांडली होती. १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. या संस्थांचा हेतू सभासदांच्या करमणुकीपुरता नव्हता. मराठीत छापले गेलेले ग्रंथ एकत्र करून जपावेत, हा होता. त्यासाठी घरोघर जाऊन पुस्तके मागणे, पोथ्या मिळवणे, याद्या करणे हे श्रमाचे काम आले. मानाच्या जोडीला श्रम आले. १९२१ मध्ये पुणे येथे न. चिं. केळकर यांच्या अध्यक्षतेखाली वाचनालय परिषद भरली आणि दत्तात्रय वामन जोशी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी विखुरलेल्या वाचनालयांस एकत्र आणण्याची खटपट आरंभिली, ती याच वातावरणात.

खेडेगावाच्या दृष्टीने पाहता बडोदे संस्थानातील प्रयोग याहून महत्त्वाचा होय. तेथे मोतीभाई अमीन या शिक्षकाने १९०६ च्या सुमारास ‘मित्रमंडळ’ वाचनालयांची योजना चालविली होती. पुढे १९१० मध्ये सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतून बॉर्डन यांना पाचारण केले आणि संस्थानभर ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. गावाने काही रक्कम जमविली, की तितकीच पंचायतीने आणि तितकीच सरकारने घालावयाची, असे त्या योजनेचे सूत्र होते. ‘लायब्ररी मिसेलनी’ हे तिचे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत निघे. बडोद्याचे वैशिष्ट्य असे, की राज्याने पैसा दिला, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या दिल्या, शिक्षण दिले. परंतु गावचा उत्साह आधी गृहीत धरला. लोकांनी प्रथम उभे राहावे, मग सरकार शेजारी येऊन उभे राहील, हा क्रम पुढे मुंबई इलाख्यानेही स्वीकारला.

‘स्वयंसेवक’ हा शब्द याच सुमारास सार्वजनिक जीवनात रुळला. राष्ट्रीय सभेची अधिवेशने, दुष्काळ, प्लेग, मेळे या सर्वांत ‘व्हॉलंटियर’ आला आणि त्यास हे संस्कृत नाव मिळाले. हा समास तसा फसवा आहे. ‘स्वतःहून सेवा करणारा’ हा अभिप्रेत अर्थ. पण ‘स्वतःची सेवा करणारा’ हाही विग्रह संभवतो, आणि उपाहारगृहांतून ‘स्वयंसेवा’ अशी पाटी लागते तेव्हा तोच खरा ठरतो. वारीच्या वाटेवरील गावाला मात्र या नव्या शब्दाची फारशी गरज भासली नसावी. दिंडीला पाणी देणारा, तळावर दिवाबत्ती करणारा माणूस ‘सेवा’ करीत होताच. फरक एवढाच, की वारीतील सेवा वर्षाकाठी एका मुक्कामाची, पाहुण्यांची आणि पुण्याची असते. वाचनालयातील सेवा रोजची, शेजाऱ्यांची आणि बऱ्याच वेळा वादाची असते. पहिलीस मनुष्यबळाचा तुटवडा पडत नाही. दुसरीस नेहमीच पडतो.

आता कायद्याकडे वळू. १९३९ मध्ये मुंबई सरकारने आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातील वाचनालयापर्यंत उतरत जाणारी रचना सुचविली. तिचा अंमल १९४७ नंतर सुरू झाला, तेव्हा सरकारने नवी ग्रंथालये न काढता बव्हंशी जुन्या लोकसंस्थांनाच जिल्हा वा तालुका ग्रंथालय म्हणून मान्यता व अनुदान दिले. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच स्वतःचा ग्रंथालय कायदा केला होता. मद्रासने १९४८ च्या कायद्याने ग्रंथालय-कर बसवून स्थानिक ग्रंथालय प्राधिकरणे निर्माण केली. महाराष्ट्राने १९६७ चा कायदा केला, तो कराविना. १९६८ मध्ये स्वतंत्र ग्रंथालय संचालनालय आले, अ, ब, क, ड असे वर्ग आले, अनुदान आले. परंतु ग्रंथालय चालविण्याचे दायित्व नोंदणीकृत संस्थेवरच, म्हणजे तिच्या बिनपगारी कार्यकारिणीवरच राहिले. आज राज्यातील मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे आणि त्यांतील फार मोठा भाग अशाच संस्थांचा आहे.

या व्यवस्थेची स्तुती ‘लोकसहभाग’ म्हणून करण्याची रीत आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा नव्याने अक्षरे गिरवलेल्या प्रौढांपुढे वाचावयास काय ठेवावे हा प्रश्न आला, आणि असा प्रश्न गावपातळीवर सोडविण्यास गावचीच माणसे लागतात. परंतु याच व्यवस्थेने बिनपगारी श्रम कायमचे गृहीत धरले, हेही तितकेच खरे आहे. कर बसविला नाही, त्याची भरपाई कोणीतरी आपल्या सायंकाळींनी केली. अनुदानातून नेमलेल्या सेवकाचे मानधन इतके तुटपुंजे असते, की तोही अर्धा स्वयंसेवकच ठरतो. येथे ‘मानधन’ हा शब्द लक्षात घ्यावा : वेतन म्हणावयास रक्कम अपुरी पडली, की आपण तिच्यात मान मिसळतो.

हा इतिहास लिहावयाचा तर साधने कोठे आहेत? इतिवृत्तांत ठराव आहेत, सूचक-अनुमोदकांची नावे आहेत. कामाचा पुरावा आहे तो देवघेवीच्या वह्यांत. कोणत्या तारखेला कोणाचे हस्ताक्षर आहे, ते किती महिने चालते, कोठे अचानक बदलते, परीक्षेच्या दिवसांत नोंदी कोणाच्या हातच्या आहेत, वहीत प्रथम एखाद्या स्त्रीचे अक्षर केव्हा दिसते, यावरून त्या अनाम माणसांची एक यादी तयार करता येईल. लेखनपद्धतीच्या अभ्यासकासही त्या वह्या मोलाच्या आहेत. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनंतर ग्रामीण लेखनातील अनुस्वार किती काळ टिकले, हे पाहण्यास याहून प्रामाणिक साधन मला ठाऊक नाही. परंतु दप्तर संगणकावर नेताना प्रथम रद्दीत जातात त्या याच. दाखलनोंदवही जपली जाते, कारण ती मालमत्तेचा हिशेब सांगते. देवघेवीची वही माणसांचा सांगते, आणि तिची तपासणी कोणी करीत नाही.

काही वर्षांपूर्वी ज्या वाचनालयात आपण बसलो होतो, तेथील जुन्या वह्या पाहाव्यात म्हणून प्रस्तुत लेखक नातेपुते येथे गेला. खोली बदलली होती. वह्या किलोवर गेल्या होत्या. एक मात्र कपाटाखाली टेकण म्हणून उरली होती. ती काढून पाहिली. आषाढी वारीच्या मुक्कामाच्या दिवशी पुस्तकांची नोंद एकही नव्हती. रकान्यात कोणीतरी बोरूने लिहावे तसे ठसठशीत लिहिले होते : ‘आज पालखी. वर्तमानपत्रे बाहेर ओट्यावर ठेवली. तीन परत आली नाहीत.’ खाली सही नव्हती.